रात्री दुर्बीण घातली नाही म्हणून एक स्टार? हायवेवरच्या पोटाच्या हॉस्पिटलबद्दल थोडं सविस्तर

कणकवली-कुडाळ पट्ट्यात हायवेला लागून जे पोटाचं आणि लिव्हरचं हॉस्पिटल आहे, तिथल्या गॅस्ट्रो विभागाबद्दल लिहितोय. नाव टाकत नाही, टाकलं की खाली लगेच ओळखीपाळखीची भांडणं सुरू होतात, आणि इकडच्या लोकांना तसंही बरोबर कळेल. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते पुढे सांगतो.

आधी बाकीच्या रिव्ह्यूंबद्दल. एक स्टारवाले जवळजवळ सगळे दोनच गोष्टींवर भडकलेत. पहिली, "रात्री पेशंट नेला, रक्ताची उलटी होत होती, तरी सकाळपर्यंत दुर्बीण घातली नाही" (दुर्बीण म्हणजे एंडोस्कोपी, घशातून नळी घालून पोट आतून बघतात ती). दुसरी, "पेशंट पांढराफटक पडलाय, आम्ही गावातून रक्तदाते घेऊन उभे, आणि डॉक्टर म्हणतात आता एवढं रक्त पुरे." आता आमच्या मामांच्या वेळी ह्या दोन्ही गोष्टी आमच्याही बाबतीत झाल्या आणि माझं स्पष्ट मत आहे की ह्या दोन गोष्टींसाठी तर ह्या हॉस्पिटलवाल्यांना एक एक स्टार जास्त द्यायला पाहिजे.

मामा देवगड तालुक्यातले, कलमांची बाग आहे, वय सत्तरीला टेकलेलं. दोन वर्षांपूर्वी हार्टची अँजिओप्लास्टी झालेली म्हणजे इकोस्प्रिन (ॲस्पिरिनच ती) आणि क्लोपिडोग्रेल, रक्तात गुठळी होऊ नये म्हणूनच्या ह्या दोन गोळ्या चालू. एप्रिल-मे म्हणजे आंब्याचा सीझन, पेट्या भरा, टेम्पो भरा, गुडघे बोलायला लागले की बाजारातल्या मेडिकलातून डायक्लोफेनॅक ह्या वेदनाशामक गोळीची पट्टी आणायची आणि सकाळ-संध्याकाळ एक एक टाकायची, ती पण कधी कधी नुसत्या चहावर. आठवडाभर काळी संडास होत होती (पोटात रक्त सांडलं की अशी होते), डांबरासारखी चिकट आणि वास असा की मामींना वेगळाच संशय आला. मामा म्हणे, "काय नाय रे, पित्त झाला असतला," आणि कोकमाचं आगळ पिऊन बागेत गेले. तिसऱ्या प्रहरी कलमाखाली चक्कर येऊन बसले आणि उलटी केली ती कॉफीच्या चोथ्यासारखी. तिथून आधी एका जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे पित्ताचं इंजेक्शन दिलं, रक्त थांबायचं म्हणून एक दिलं, आणि गुडघे दुखतात म्हटल्यावर कमरेत वेदनाशामक पण टोचलं!! रक्तस्राव होतोय अशा माणसाला. असो, तो वेगळा विषय, त्यावर लिहायला बसलो तर हा रिव्ह्यू राहूनच जाईल.

हायवेवरच्या हॉस्पिटलला पोचलो तेव्हा रात्र झालेली. कॅज्युअल्टीत जी ड्युटी डॉक्टर मुलगी होती तिने पहिला प्रश्न विचारला तो मला फार आवडला. "गोळ्या कुठल्या चालू आहेत, पिशवी आणलीय का?" मामींनी पिशवी आणलेली, ती तिने टेबलावर उलटी केली. बीपीची, शुगरची, इकोस्प्रिनची सगळी पाकिटं बाजूला सारली, अर्धी संपलेली डायक्लोफेनॅकची पट्टी उचलली आणि मामांना मालवणीतच विचारलं, "काका, ही कोणी दिल्यान तुमका?" मामा गप्प. मग तिने फाइलवर ते लाल पेनाने लिहिलं आणि आमच्यासमोर ती पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली. बोटाने संडासची तपासणी, रक्ताचे नमुने, दोन्ही हातांना जाड सुया, सलाइन, रक्ताचा ग्रुप आणि क्रॉसमॅच (कुठली पिशवी जुळते ते) हे सगळं धडाधड झालं. युरिया वाढलेला आला तेव्हा तिने सांगितलं की रक्त वर, म्हणजे जठरात किंवा त्याच्या पुढच्या छोट्या आतड्याच्या सुरुवातीला सांडलं की ते पुढे पचत जातं आणि त्यामुळे युरिया वाढतो, त्यावरूनही अंदाज येतो की रक्त वरून येतंय. एवढं कोणी समजावून सांगतं का हो रात्री? मला तरी अनुभव नव्हता.

आता दुर्बिणीचं. आमचा मोठा मामेभाऊ मुंबईहून फोनवर ओरडत होता की आत्ताच्या आत्ता एंडोस्कोपी करा नाहीतर कोल्हापूरला हलवा. रात्री करूळ घाटातून, बीपी नव्वदच्या खाली असलेला हार्ट पेशंट घेऊन! गॅस्ट्रोचे डॉक्टर घरून आले, बघून म्हणाले आधी माणूस सावरू दे, रक्त लावू, पहाटे पुन्हा बघतो, सकाळी पहिला नंबर ह्यांचा. भाऊ भडकला. पण मी नंतर वाचलं आणि डॉक्टरांनाही विचारलं, तर हाँगकाँगला ह्याच प्रश्नावर मोठा अभ्यास झालेला आहे, २०२० साली छापून आला, ५१६ पेशंट होते, सगळे धोक्याच्या गटातले. काहींना पोटाच्या डॉक्टरांनी बघितल्यापासून सहा तासांच्या आत दुर्बीण घातली, काहींना सहा ते चोवीस तासांच्या मध्ये. महिन्याने हिशोब केला तर घाईघाईत घातली म्हणून जास्त लोक वाचले असं काही निघालं नाही. बीपी पडलेलं असताना, पोटात रक्ताच्या गुठळ्या असताना, झोपेचं औषध देऊन घशातून नळी घातली तर उलटी फुफ्फुसात जायची भीती, आणि हार्टवाल्याला तर अजूनच. जे सलाइन-रक्त लावूनही सावरतच नाहीत त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना थांबवत नाहीत, पण बाकीच्यांना चोवीस तासांच्या आत हा नियम आहे आणि तो ह्यांनी पाळला. त्यामुळे "सकाळपर्यंत काही केलं नाही" हे लिहिणाऱ्यांनी रात्रभर पेशंटला काय काय लावलं होतं ते पण लिहावं. मामांना पॅन्टोप्राझोल ह्या ॲसिड दाबायच्या औषधाचा आधी मोठा डोस शिरेतून आणि मग पंपावर थेंब थेंब चालू होतं, सिस्टर दर तासाला नाडी-बीपी लिहून जात होत्या, मी बघत होतो.

रक्ताचं पण तसंच. मामांचं हिमोग्लोबिन सहाच्या घरात आलेलं. दोन पिशव्या लावल्या, आठच्या वर गेलं आणि डॉक्टरांनी तिसरी थांबवून ठेवली. इकडे गावच्या ग्रुपवर मेसेज गेलेला, अर्धी वाडी गाड्या घेऊन रक्त द्यायला आलेली, मुलं म्हणतात अजून लावा ना, आम्ही आहोत की. डॉक्टर म्हणाले तुमचं रक्त द्या, पेढीत जाऊ दे, पण ह्यांना आत्ता नको. ह्याच्यामागे २०१३ सालचा बार्सिलोनाचा अभ्यास आहे. एका गटाला हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, दुसऱ्याला नऊच्या खाली गेलं की लगेच. सहा आठवड्यांनी हात आखडता घेतलेल्या गटातले शंभरातले ९५ जिवंत होते, सढळ हाताने दिलेल्यांतले ९१. जास्त रक्त भरलं की शिरांमधला दाब वाढतो आणि बंद होत आलेली जखम परत वाहायला लागू शकते, लिव्हरवाल्यांमध्ये तर ही भीती जास्तच. हार्ट पेशंटला थोडं वर, आठच्या आसपास ठेवतात, म्हणून मामांना दोन मिळाल्या. आपल्याकडे "बाटल्या किती लावल्या" ह्यावरून उपचार मोजतात त्याला काय करणार. आणि हो, पहिल्या दवाखान्यात दिलेलं ते रक्त थांबायचं इंजेक्शन, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, त्याचा पण २०२० साली पंधरा देशांमधल्या १२ हजार पेशंटवर अभ्यास झालाय आणि पोटातल्या रक्तस्रावात त्याचा काही फायदा दिसला नाही, उलट शिरेत गुठळ्या व्हायचं प्रमाण वाढलेलं दिसलं. इथे ते दिलं नाही म्हणून पण एका महाशयांनी रिव्ह्यूत राग काढलाय.

सकाळी दुर्बीण झाली. नातेवाइकांपैकी एकाला काचेतून मॉनिटर बघू देतात, मी गेलो. घशात स्प्रे, डाव्या कुशीवर, तोंडात प्लास्टिकचं बूच, आणि नळी आत. जठर बऱ्यापैकी ठीक होतं, थोडं लाल लाल, पण पुढे छोट्या आतड्याच्या सुरुवातीला, ड्युओडेनममध्ये, नखाएवढा खड्डा, म्हणजे अल्सर, आणि त्याच्या मध्यभागी एक काळपट टोक. ते टोक म्हणजे फुटलेली रक्तवाहिनी. डॉक्टरांनी पाण्याची पिचकारी मारली तर तिथून बारीक धार उडालीच. मग कडेने ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, जागा पांढरी पडली, धार मंदावली, आणि मग नळीतूनच छोटे धातूचे क्लिप आत, एक नीट बसला नाही, निसटला, टेक्निशियनने दुसरा लोड करून दिला, तो बसला, मग अजून एक. परत पाणी मारलं, कोरडं. पोट फाडणं नाही, टाका नाही. बायोप्सीचा तुकडा पण घेतला, अल्सर करणारा एक जंतू असतो त्याच्या टेस्टसाठी, त्याबद्दल पुढे. वीस-पंचवीस मिनिटं असतील. क्लिपचे पैसे वेगळे लावतात आणि ते आधी सांगतात, फॉर्मवर सही घेतात, ते बरं केलं.

माझ्या आजोबांच्या पिढीत गावात पोटावर उभा व्रण असलेली दोन-चार तरी माणसं असायची, अल्सरचं ऑपरेशन झालेली, मुंबईला जाऊन केईएम नाहीतर जेजेला करून आलेली. हल्ली तसा व्रण दिसत नाही. मी डॉक्टरांना विचारलं की अल्सर कमी झाले का, तर ते म्हणाले जगभर कमी झाले आणि आकडे सांगितले. अमेरिकेत २००१ साली लाखात ७८ लोक अन्ननलिका, जठर अशा पचनमार्गाच्या वरच्या भागातल्या रक्तस्रावासाठी ॲडमिट व्हायचे, २००९ ला ६१ झाले, आणि त्यातले अल्सरचे ४९ वरून ३२ वर आले. ब्रिटनच्या पाहणीत १९९३-९४ मध्ये असे शंभर पेशंट असले तर १४ दगावायचे, २००७ ला १० वर आलं, आणि ते सुद्धा पेशंट आधीपेक्षा म्हातारे आणि दहा आजारांचे असताना. कारणं दोन मोठी. एक म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला, १९८२ साली पर्थमध्ये वॉरन आणि मार्शल ह्या दोघांना. तोपर्यंत सगळी दुनिया टेन्शन आणि तिखटाला दोष देत होती. लोकांचा विश्वास बसेना म्हणून त्या मार्शलने १९८४ ला जंतूंचा काढा स्वतः पिऊन आजार पाडून दाखवला, २००५ ला दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे जो अल्सर जन्मभर पुरायचा तो दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिकने जायला लागला. दुसरं कारण ओमेप्राझोल आणि त्याची भावंडं, १९८८ पासून बाजारात, ॲसिड असं दाबतात की जखमेला भरायला वेळ मिळतो.

मग ॲडमिट व्हायचे थांबले का, तर नाही. जंतूवाले कमी झाले, त्यांच्या जागी मामांसारखे आले. हार्टची इकोस्प्रिन, स्टेंटची दुसरी गोळी, झटका येऊन गेलेल्यांची रक्त पातळ करायची गोळी, आणि वरून गुडघ्याची. एकेक गोळी आपापल्या जागी ठीक असते पण इकोस्प्रिनवर डायक्लोफेनॅक म्हणजे रक्तस्रावाचा धोका कितीतरी पटीने वाढतो, आणि आपल्याकडे तो जंतू अर्ध्याहून जास्त लोकांच्या पोटात आधीच बसलेला. डायक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय द्यायची गोळी नाही, शेड्यूल एच मध्ये आहे, पाकिटावर लाल रेघ असते, तरी कोकणात कुठल्याही बाजारात "गुडघ्याची दे रे" म्हटलं की मिळते. गिधाडं मरतात म्हणून जनावरांची डायक्लोफेनॅक सरकारने २००६ साली बंद केली, गिधाडांचं नशीब.

ह्या हॉस्पिटलचं मला सगळ्यात पटलेलं काम मात्र त्यानंतरचं. क्लिप बसले, रक्त थांबलं, आता आम्हाला वाटलं इकोस्प्रिन कायमची बंद. मामी तर म्हणाल्या त्या गोळीला आता घरात घ्यायचीच नाही. गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी कार्डिओलॉजिस्टला फोन लावला, आमच्यासमोर स्पीकरवर बोलले, आणि ठरलं की इकोस्प्रिन दोन-तीन दिवसांत परत चालू, दुसरी गोळी तूर्तास बंद, पॅन्टोप्राझोल सोबत कायम. मी म्हटलं परत रक्त आलं तर? तर त्यांनी हाँगकाँगचाच अजून एक अभ्यास सांगितला, २०१० चा. अल्सरचं रक्त थांबवल्यावर हार्टवाल्या पेशंटना ॲस्पिरिन चालू ठेवली तर दहापैकी एखाद्याला परत रक्तस्राव झाला, बंद ठेवलेल्यांत त्याच्या निम्म्याने, पण आठ आठवड्यांत दगावले ते बंद ठेवलेल्यांतले जवळजवळ १३ टक्के आणि चालू ठेवलेल्यांतला एखादाच टक्का. म्हणजे पोट वाचवायच्या नादात हार्ट जातं. हा हिशोब इतक्या साध्या भाषेत सांगायला डॉक्टरांनी वेळ दिला, ओपीडीत बाहेर रांग असताना.

वॉर्डबद्दल. स्वच्छ आहे, संडास सुद्धा, आणि पोटाच्या वॉर्डात ते फार महत्त्वाचं. मावशी लोक प्रत्येकाला सांगतात फ्लश करू नका, आधी सिस्टरला रंग दाखवा. मामांना ह्याची भयंकर लाज, पण दोन दिवसांनी स्वतःच हाक मारून दाखवायला लागले, "बघा, आज बरी आसा." शेजारच्या खाटेवर एक चाळिशीचा माणूस होता, दारूने लिव्हर गेलेला, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून आलेला. त्याला दुर्बिणीतून रबराच्या रिंगा घातल्या, बँडिंग म्हणतात, सोबत शिरांमधला दाब उतरवायचं औषध आणि अँटिबायोटिक. हा रक्तस्राव अल्सरपेक्षा वाईट, सहा आठवड्यांत शंभरातले दहा ते वीस आजही जातात. पलीकडे अजून एक तरुण पोरगा, हळदीच्या पार्टीनंतर उलट्या काढून काढून शेवटी रक्त आलं म्हणून घाबरून आलेला, त्याची अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची चीर आपोआप भरत आलेली, त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं.

इथे माझी एक तक्रार आहे, एक स्टार कापला तो ह्याच्यासाठी आणि खाली बिलिंगचं लिहिलंय त्यासाठी. त्या लिव्हरवाल्या माणसाला रिंगा घातल्या, इंजेक्शनं दिली, बायकोला दम भरला की ह्याला दारू देऊ नका. बायकोला! जणू तीच ओतून देत होती. व्यसनमुक्तीसाठी बोलणारा, बसवून समजावणारा एक माणूस ह्या हॉस्पिटलात नाही. निम्मे बेड ज्या कारणाने भरतात त्याच्यावर काम करायला कोणी नाही, हे मला बिलिंगपेक्षा जास्त खटकलं.

आणि बिलिंग. डिस्चार्ज सकाळी लिहिला आणि बाहेर पडलो संध्याकाळी. फार्मसीचा हिशोब, मग इन्शुरन्सचा मेल, मग सही करणारे साहेब जेवायला. पेशंट खुर्चीवर बसून. सरकारी योजनेत बसणार असाल तर ॲडमिट होतानाच योजनेच्या काउंटरला रेशनकार्ड आणि आधार देऊन ठेवा, मागाहून नाचायला लागतं. डिस्चार्ज कार्ड पूर्ण इंग्रजीत आणि "इकोस्प्रिन परत चालू" ही सगळ्यात महत्त्वाची ओळ कोपऱ्यात हाताने खरडलेली. मी सिस्टरकडून मराठीत लिहून घेतली, कुठली गोळी कधी आणि कुठली कधीच नाही. पार्किंग पुरतं. कॅन्टीनमध्ये नाश्त्याला फक्त मिसळ आणि वडापाव, पोटाच्या हॉस्पिटलात! उकड्या तांदळाची पेज मागितली तर म्हणाले बाहेरून आणा. नातेवाइकांना झोपायला जागा नाही, पावसाळ्यात काय करत असतील देव जाणे.

गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, लावायचं मलम आणि फिजिओ सांगितलंय, मामा कुरकुरत का होईना करतायत. जंतूची टेस्ट पहिल्यांदा निगेटिव्ह आलेली पण रक्तस्राव चालू असताना ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते म्हणून महिन्यानंतर परत करायला बोलावलंय, संडासच्या नमुन्यावरून होते, नळी घालावी लागत नाही. त्या टेस्टच्या आधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल बंद ठेवायची असते नाहीतर रिझल्ट चुकतो, पण ज्यांची इकोस्प्रिन चालू आहे त्यांनी पॅन्टोप्राझोल मनाने बंद करायची नाही, तेवढ्या दिवसांसाठी फॅमोटिडिनसारखी दुसरी गोळी डॉक्टर लिहून देतात. फॉलोअपला फोन करून नंबर लावून जा, नुसते गेलात तर अर्धा दिवस गेला समजा.